माध्यमिक शाळेतील व्यवहारगणिताचे अध्यापन : अड्याळ परिसराच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

दहावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी चक्रवाढव्याजाचे सूत्र बिनचूक सांगतो. परंतु आईने घेतलेल्या कर्जाच्या कागदावरून त्या कर्जाला खरोखर किती व्याज पडते, हे त्यास सांगता येत नाही. ही तक्रार नवी नव्हे. तिच्यावर सुचविला जाणारा उपायही बहुधा ठरलेला असतो : अभ्यासक्रमात व्यवहारोपयोगी भाग वाढवावा. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, दोष पाठ्यविषयाच्या अभावाचा नसून उदाहरणाच्या घडणीचा आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात लागेल ती सर्व माहिती, आणि लागेल तेवढीच माहिती, लेखकाने आधीच निवडून दिलेली असते. व्यवहारात मात्र ही निवड करणे हेच मुख्य काम असते. जे काम व्यवहारात पहिले, तेच शाळेत कोणी करावयास लावीत नाही.

पाठ्यविषय नाही असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. महाराष्ट्रात २०१७ व २०१८ या वर्षी लागू झालेली नववी व दहावीची गणिताची पाठ्यपुस्तके पाहावीत. दोन्हींच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नववीत गुंतवणूक व आयकर, तर दहावीत वस्तू व सेवा कर, शेअर्स आणि म्युच्युअल फंड यांचा विचार केलेला आहे. त्यापूर्वीच्या इयत्तांत शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, सूट, कमिशन व चक्रवाढव्याज हे विषय क्रमाने येऊन गेलेले असतात. सामग्री अशी पुरेशी आहे. ती विद्यार्थ्याच्या हाती हत्यार म्हणून का येत नाही, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार एखाद्या निश्चित परिसराच्या आधाराने केल्यास तो हवेत राहत नाही. यास्तव येथे भंडारा जिल्ह्यातील, पवनी तालुक्यातील अड्याळ हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. भंडारा–पवनी मार्गावरील या गावाचा मुलूख धानाचा आहे. येथील माध्यमिक शाळेतील मुलाच्या घरी धानाची विक्री, पीककर्ज, बचत गटाची वही आणि दुकानाची उधारी यांपैकी एखादा तरी हिशेब असण्याचा संभव मोठा आहे. दहावीनंतर शिक्षण थांबले, तर शाळेत शिकलेल्या गणितापैकी आयुष्यभर उपयोगी पडणारा भाग हाच. तो कच्चा राहिला तर नुकसान गुणपत्रिकेचे होत नाही, घराचे होते.

२. जुन्या शाळेतील हिशेब

आपल्याकडील गणिताच्या परंपरेत व्यवहार हा परिशिष्टाचा विषय नव्हता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा (इ. स. ११५०) आरंभच नाणी, वजने व मापे यांच्या परिभाषेने होतो. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, असा तो क्रम आहे. त्रैराशिक, पंचराशिक आणि व्याजाचे हिशेब त्या ग्रंथात मानाचे स्थान मिळवून आहेत.

पंतोजींच्या शाळेतील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आज केवळ पाठांतराचे कष्ट म्हणून आठवले जातात. तथापि त्यांमागे एक सुसंगत विचार होता. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. अर्थात पाव, निम्मे व पाऊण हे अपूर्णांक बाजारात पावलोपावली भेटत. पाढा आणि बाजार यांत अंतर नव्हते. व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेला एक गुर याची साक्ष देतो : मणाचा भाव जितके रुपये, तितके आणे अडीच शेरांचा भाव. चाळिसाचा सोळावा भाग अडीच, एवढेच त्यामागील बीज होय. पण ते ज्याला उमगले तो दुकानात उभ्या उभ्या हिशेब करी.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली आणि १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली. हिशेब सुलभ झाला, यात शंका नाही. परंतु जुने पाढे गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर तोंडी अंदाज करण्याची सवयही शाळेतून गेली, आणि तिच्या जागी नवे गुर कोणी घडविले नाहीत. वस्तुतः ते घडविणे सोपे आहे. क्विंटलचा भाव माहीत असेल तर शेवटचे दोन अंक दशांशचिन्हापलीकडे नेले की किलोचा भाव मिळतो. ‘दरमहा शेकडा एक’ म्हणजे रुपयाला महिन्याकाठी एक पैसा. हे दोन गुर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढले, तर दशमान पद्धतीचा अर्थ त्यांस अधिक खोल कळेल.

विदर्भाच्या भूमीवर आणखी एक प्रयोग झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची योजना आखली. हस्तव्यवसायाशी इतर विषयांचा समवाय साधावा, हे तिचे सूत्र होते. सूत कातताना तारांची मोजणी, कापसाचे वजन व मजुरीचा हिशेब हे गणित आपोआप उभे राहते. परंतु प्रत्येक धडा चरख्याशी जोडण्याचा अट्टाहास झाला, तेथे समवाय कृत्रिम झाला. यातून घ्यावयाचा बोध असा की, व्यवहार हा गणितावर चढविण्याचा साज नव्हे. ज्या व्यवहारात गणिताचा निर्णय खरोखर बदलतो, तोच वर्गात आणण्यायोग्य होय.

३. बाजारातील गणित आणि वर्गातील गणित

मूल बाजारात वावरले की व्यवहारगणित त्यास आपोआप येते, आणि ते आले की शाळेतील गणितही सुधारते, अशी एक भाबडी समजूत आहे. संशोधन तिला दुजोरा देत नाही.

तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर व अनालुसिया श्लीमान यांनी १९८५ मध्ये ब्राझीलमधील रेसिफे शहरातील पाच बालविक्रेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९ ते १५ वर्षे वयाची ही मुले विक्री करीत असताना केलेल्या हिशेबांपैकी ९८.२ टक्के बरोबर निघाले. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपाने दिले असता प्रमाण ७३.७ टक्क्यांवर आले आणि नुसत्या आकडेमोडीच्या रूपाने दिले असता ३६.८ टक्क्यांवर घसरले. मूल तेच, संख्या त्याच. बदलले ते केवळ रूप. हा नमुना फारच लहान होता, हे खरे. परंतु २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांविषयी जे निष्कर्ष मांडले, त्यांची दिशाही हीच आहे. बाजारातील मुले गुंतागुंतीचे व्यवहार मनातल्या मनात उलगडीत, पण शालेय स्वरूपाच्या उदाहरणांत अडखळत. उलट, बाजाराचा अनुभव नसलेली ४७१ शाळकरी मुले लेखी उदाहरणांत सरस ठरली. तथापि बाजारातील जे उदाहरण काम करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांनी सोडविले, ते शाळकरी मुलांपैकी सुमारे एका टक्क्यालाच सुटले.

मुंबईच्या धारावी भागातील शाळकरी मुलांच्या घरगुती व्यवसायांतून घडणाऱ्या गणिती ज्ञानाचा अभ्यास होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस व के. सुब्रमण्यम यांनी केला आहे. असे ज्ञान मुलांपाशी असते, परंतु वर्गाला त्याचा पत्ता नसतो, हे त्या अभ्यासाने लक्षात आणून दिले.

या सर्वांचा एकत्र अर्थ स्पष्ट आहे. बाजाराचे गणित वर्गात आपोआप येत नाही आणि वर्गाचे गणित बाजारात आपोआप जात नाही. दोहोंमध्ये पूल बांधावा लागतो, आणि तो बांधणे हे शिक्षकाचे काम होय.

४. तीन पाठांचे विवेचन

(अ) धानाची विक्री. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र शासनाने साधारण प्रतीच्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर केली. समजा, एका शेतकऱ्यापाशी ४० किलोची ६२ पोती धान आहे, म्हणजे २४.८० क्विंटल. आधारभूत खरेदी केंद्रावर त्याचे ५८,७५१.२० रुपये होतात. गावातील व्यापारी २,१०० रुपये भावाने रोख घ्यावयास तयार आहे. तेथे ५२,०८० रुपये मिळतात. पाठ्यपुस्तकी उदाहरण ६,६७१.२० रुपयांच्या फरकावर संपेल. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र येथून सुरू होतो.

केंद्रावरील चुकारा हाती पडण्यास काही काळ जातो. समजा, शेतकऱ्यावर दरमहा शेकडा तीन दराने ५०,००० रुपयांचे देणे आहे. व्यापाऱ्याच्या रोख रकमेतून ते आज फिटते; चुकाऱ्याची वाट पाहिल्यास महिन्याला १,५०० रुपये व्याज चढते. अर्थात चार महिन्यांपर्यंत थांबणे लाभाचे, त्यापुढे तोट्याचे. आता विद्यार्थ्यांनी आणखी चौकशी करावी. व्यापारी पोत्यामागे एक किलो घट धरीत असेल, तर ६२ किलो धान फुकट जाते. व्यापाऱ्याकडील रक्कम ५०,७७८ रुपयांवर येते आणि थांबण्याची मुदत पाच महिन्यांपर्यंत लांबते. केंद्रावर नेण्याचे भाडे व हमाली पोत्यामागे २० रुपये धरल्यास १,२४० रुपये वजा होतात आणि मुदत पुन्हा चार महिन्यांवर येते. प्रत्येक नोंदीने निर्णय हलतो. ‘उत्तर किती?’ या प्रश्नाच्या जागी ‘काय काय विचारावयाचे राहिले?’ हा प्रश्न येथे वर्गात प्रथमच उभा राहतो, आणि व्यवहारगणिताचा आत्मा तोच आहे.

याच पाठात आर्द्रतेचा प्रश्न घ्यावा. खरेदीच्या निकषानुसार धानात आर्द्रता १७ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. समजा, १०० किलो धानात ती २० टक्के आहे. वाळवून ती १७ टक्क्यांवर आणल्यास वजन किती घटेल? बहुतेक विद्यार्थी तीन किलो असे सांगतील. परंतु कोरडा अंश ८० किलो हा बदलत नाही आणि नव्या वजनाचा तो ८३ टक्के असावयास हवा. म्हणून नवे वजन ८० भागिले ०.८३, म्हणजे सुमारे ९६.३९ किलो. घट तीन किलो नव्हे, ३.६१ किलो. टक्केवारी कशाची, हे विचारल्यावाचून टक्केवारीला अर्थ नसतो, हा धडा वाळत घातलेल्या धानाइतका चांगला अन्यत्र मिळणार नाही.

विद्यार्थी थोडे पुढे गेले की प्रोत्साहनपर रकमेचा विचार करता येतो. राज्य शासनाने धान उत्पादकांस २०२२-२३ च्या हंगामासाठी हेक्टरी १५,००० व २०२३-२४ साठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले होते. हेक्टरी २०,००० रुपये म्हणजे क्विंटलमागे किती? हेक्टरी २५ क्विंटल पिकले तर ८०० आणि ४० क्विंटल पिकले तर ५००. उत्पन्न कमी असलेल्यास क्विंटलमागे अधिक लाभ, ही गोष्ट आलेख काढल्यास डोळ्यांना दिसते. शासनाचा निर्णय वाचण्याची ही गणिती रीत होय.

(आ) कर्जाचा हप्ता. समजा, बचत गटातील एका सदस्येने १२,००० रुपये कर्ज घेतले. ‘व्याज वार्षिक १२ टक्के, बारा समान हप्ते, हप्ता १,१२० रुपये’ एवढे तिला सांगण्यात आले. व्याज १,४४० रुपये; हिशेब वरवर पाहता चोख आहे. परंतु १२,००० रुपये तिच्यापाशी वर्षभर राहतात काय? पहिल्या महिन्यात १२,०००, दुसऱ्यात ११,०००, तिसऱ्यात १०,०००, असे उतरत शेवटच्या महिन्यात केवळ १,००० रुपये तिच्याकडे उरतात. ही अंकगणिती श्रेढी होय. तिची बेरीज ७८,००० आणि महिन्याची सरासरी ६,५००. सरासरी ६,५०० रुपयांवर वर्षाला १,४४० रुपये व्याज, म्हणजे खरा दर २२ टक्क्यांच्या आसपास जातो. उतरत्या बाकीवर १२ टक्के आकारले असते, तर व्याज ७८० रुपयेच झाले असते. ‘बारा टक्के’ हे शब्द दोन्हीकडे तेच. घरातून जाणारा पैसा जवळजवळ दुप्पट.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. दहावीच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढी हे तिसरे आणि अर्थनियोजन हे चौथे प्रकरण आहे. दोन प्रकरणांत काही पानांचेच अंतर. पण कर्जाच्या कागदावाचून ती एकमेकांस भेटत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत प्रमुख बाबींचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले असून त्यात सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर नमूद करावा लागतो. असे एखादे पत्रक, नाव झाकून, वर्गात वाचणे हा उत्तम अभ्यास होईल. पीककर्जाचेही तसेच. राज्यात तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याजाची सवलत मिळून दर शून्यावर येतो. येथे गणित टक्क्यात नसून तारखेत आहे, हे विद्यार्थ्यास उमगले पाहिजे.

(इ) दुकानाची पावती. हा भाग तुलनेने सोपा असल्याने दोनच मुद्दे पुरेत. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराचे उदाहरण पुस्तकात बहुधा मूळ किमतीवर कर चढविण्याचे असते; दुकानात मात्र किंमत करासह सांगतात. करासह १,१८० रुपये किमतीत १८ टक्के कर किती, असे विचारताच अनेक विद्यार्थी १,१८० चे १८ टक्के काढून २१२.४० रुपये म्हणतील. खरा कर १८० रुपये. दुसरा मुद्दा नफ्याचा. पुस्तकात शेकडा नफा खरेदीच्या किमतीवर मोजतात. दुकानदार पुष्कळदा तो विक्रीच्या किमतीवर मोजतो. ८० रुपयांची वस्तू १०० रुपयांस विकली, तर नफा २५ टक्केही आणि २० टक्केही. जो दुकानदार आपला नफा २५ टक्के समजून छापील किमतीवर २० टक्के सूट देईल, त्याच्या हाती काहीच उरणार नाही. दोन्ही चुकांचे मूळ धानाच्या आर्द्रतेत होते तेच : टक्केवारी कशाची?

५. अध्यापनाची रीत व तिच्या मर्यादा

वरील पाठांसाठी वेगळा तास किंवा वेगळे पुस्तक लागत नाही. क्रम मात्र उलटावा लागतो. प्रथम कागद, मग प्रश्न, मग सूत्र. काटापावती, हप्त्याची वही, दुकानाचे बिल यांपैकी एक कागद गटापुढे ठेवावा. त्यातील कोणते आकडे उपयोगी, कोणते निरुपयोगी आणि कोणते गैरहजर, यांच्या तीन याद्या करावयास सांगाव्यात. त्यानंतर तोंडी अंदाज फळ्यावर लिहावा आणि शेवटी लेखी हिशेब करावा. अंदाज व उत्तर यांत मोठी तफावत पडल्यास ती कोठे पडली, याचा शोध हाच त्या तासाचा गाभा. एक आठवडाभर रोजकीर्द लिहून तिची खतावणी करणे हा याला जोडून घ्यावयाचा उपक्रम होय. जमा आणि नावे यांचा अर्थ व्याख्येपेक्षा त्यातून लवकर कळतो.

या रीतीस दोन मर्यादा आहेत. पहिली परीक्षेची. तयार माहितीवरील उदाहरणालाच गुण मिळत असतील, तर माहिती निवडण्याचा सराव कोणी करणार नाही. निदान अंतर्गत मूल्यमापनात तरी एक प्रश्न असा असावा की, ज्यात अनावश्यक आकडे दिलेले असतील, एखादा आवश्यक आकडा गाळलेला असेल, आणि तो कोणता हे सांगण्यासच गुण असतील.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. कर्ज ही घराची खाजगी गोष्ट आहे. ‘तुमच्या घरचे कर्जाचे कागद आणा’ असे वर्गात सांगणे म्हणजे ज्या मुलाच्या घरी सावकाराचे देणे आहे, त्यास सर्वांसमोर उघडे पाडणे होय. म्हणून कागद शिक्षकाने आणावेत, नावे झाकावीत, आणि रकमा बदलाव्यात. घरचा कागद पुढे आणावयाचा की नाही, हे विद्यार्थ्याने ठरवावे. गणित शिकविण्याच्या भरात मुलाची लाज घेतली, तर तो विषयच त्यास नकोसा होईल.

६. समारोप

व्यवहारगणित म्हणजे सोपे गणित, हुशार नसलेल्यांसाठीचे गणित, असा एक समज शिक्षकवर्गातही आढळतो. वरील विवेचनावरून तो किती निराधार आहे, हे ध्यानात यावे. आर्द्रतेच्या उदाहरणात आधारसंख्येची मीमांसा आहे, हप्त्याच्या उदाहरणात श्रेढी आहे, हेक्टरी रकमेत व्यस्त प्रमाण आहे. कठीणपणा कमी झालेला नाही. तो सूत्रातून प्रश्नाच्या मांडणीत गेला आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनास मोठा वाव आहे. एकाच परिसरातील मुले तोच हिशेब बाजारात कसा करतात आणि कागदावर कसा करतात, कोणता आकडा गैरहजर आहे हे त्यांस केव्हा ओळखता येऊ लागते, आणि वर सुचविलेल्या क्रमबदलाने त्यात काही फरक पडतो काय, हे प्रश्न धानाच्या या पट्ट्यातील कोणत्याही शाळेत तपासून पाहण्याजोगे आहेत. अड्याळच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीने पुढे कोठेही सही करण्यापूर्वी कागद उलटून ‘हे बारा टक्के कशावर?’ एवढे विचारले, तरी माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले असे म्हणावयास हरकत नाही.